कोरडा पाटा

तुम्ही फुटाणेवालीच्या हातचे फुटाणे खाता. तिच्या हातचं पाणी पिता का?

थांबा, उत्तराची घाई नको. "आमच्यात तसलं काही नाही हो," हे उत्तर मी नागपूरच्या महाल वस्तीत ऐकलं, बर्डीवर ऐकलं, सभेच्या मांडवात ऐकलं आणि मांडवामागच्या पंगतीत त्याचं काय होतं तेही पाहिलं. आता ते कानावर पडलं की माझं डोकं तापतं. घरी जा, आईला विचारा. ती गप्प बसली तर समजा. तोवर रंभाबाईची हकीकत ऐकून घ्या. हिचं नाव कुठल्याही सभेत घेतलं जाणार नाही, म्हणून मी लिहितो.

सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका निंबाखाली तिची भट्टी आहे. मातीची चूल, वर लोखंडी कढई, कढईत काळी पडलेली रेती. बाई ठेंगणी, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नाही. भट्टीनं सगळे जाळले. जीभ भट्टीपेक्षा गरम.

"रंभाबाई, फुटाणे कडक हायेत का वं?" असं एखाद्यानं विचारलं, की ती वर न पाहता म्हणते, "तुह्ये दात हायेत का, ते पाह्य आधी."

लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा तिला नीट लुगडंही नेसता येत नव्हतं. नवरा नत्थूजी हा भला माणूस, पण बोलण्यात कंजूष. त्याच्या वाटचंही हिलाच बोलावं लागे, असं ती म्हणते. पहिल्या लढाईनंतर तापाची साथ आली, तिच्यात तो गेला. रुपराव तेव्हा पाळण्यात. लोक म्हणाले, भट्टी वीक. तिनं भट्टी ठेवली आणि वर सीताबर्डीच्या पलीकडे एका पादरी मडमेकडे सकाळचं झाडूपोछ्याचं काम धरलं.

त्या मडमेला आपल्याकडचं तूप सोसत नसे. तिनं विलायतेहून लोखंडाचं एक यंत्र आणलं होतं. मेजाच्या कडेला ते पेचानं आवळायचं, वरून भाजलेले दाणे टाकायचे, दांडा फिरवायचा, की खालून पिवळट गारा पडे. तो गारा मडम पावावर फासून खाई. तुम्ही ज्याला भुईमूग म्हणता त्याला इकडे फल्ली म्हणतात. त्या फल्लीच्या दाण्यांचं हे लोणी.

"मी बोट लावून चाटलं," रंभाबाई सांगते. "मनात म्हटलं, एवढ्याशा दान्याच्या पोटात एवढं तेल होतं, अन् आमी नुसतं चावून गिळून राहिलो होतो."

मडम मायदेशी गेली, यंत्र घेऊन गेली. रंभाबाईनं घरच्या पाट्यावर करून पाहिलं. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा फसलं, मग जमलं. तिची रीत मी भट्टीपाशी बसून पाहिली आहे. दाणे रेतीत मंद आचेवर भाजायचे, करपू द्यायचे नाहीत. गोणपाटात घालून चोळायचे, सुपात पाखडून लाल सालं उडवायची. प्रत्येक दाण्याच्या टोकाशी चिमुकलं नाक असतं, ते कडू, ते निवडून टाकायचं. पाटा उन्हात तापवायचा आणि दाणे गरम आहेत तोवर वरवंटा धरायचा. आधी होतो कूट. मग कुटाचा चिकट गोळा होतो, वरवंट्याला धरून बसतो, हात भरून येतात. इथं माणूस हरतं. पण तसंच रेटत राहिलं की दाणा आपलं तेल सोडतो, गोळा ढिला पडतो आणि पाट्यावर चकाकणारं लोणी पसरतं. मीठ घालायचं ते कोरडं, वाटून. पाण्याचा थेंब नाही. थेंब पडला की लोण्याचा पुन्हा गोळा होतो, आणि आणखी पाणी घालून तो मऊ केला तर दुसऱ्या दिवशी आंबतो.

म्हणून तिनं त्या कामाला वेगळा पाटा ठेवला होता. तो कधी धुतला नाही. काम झालं की गव्हाचा कोंडा चोळायचा आणि फडक्यानं पुसायचा. घरात त्याचं नावच होतं, कोरडा पाटा.

आता मुकुंदाबद्दल सांगतो.

महालात यमुताई म्हणून एक विधवा ब्राह्मण बाई राहतात. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात कारकुनीवर आले आणि इथलेच झाले. त्यांचा एकुलता एक मुलगा मुकुंद. बेचाळीसच्या ऑगस्टात तो पकडला गेला. पोरगा हुशार, हसरा, आणि शब्दाचा इतका पक्का की कधी कधी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटे. तुरुंगात त्यानं शपथ घेतली: स्वराज्य येईपर्यंत दूध, दही, तूप वर्ज्य. इकडे तो सुटेपर्यंत आई एकवेळ जेवून राहिली.

सुटला तेव्हा खोकला सोबत घेऊन आला. दारात भटजी तयार होते. तुरुंगात कोणाकोणाच्या हातचं खाल्लं, तेव्हा प्रायश्चित्त हवं. प्रायश्चित्ताला पंचगव्य हवं. पंचगव्यात दूध, दही, तूप आलं, आणि पोराची तर शपथ! दारात अर्धा तास खल झाला. शेवटी भटजींनी पाचातले तीन वगळले आणि उरलेले दोन मुकुंदानं हसत हसत गिळले. देशासाठी दूध सोडलं आणि आईसाठी शेण खाल्लं. मी त्याला तोंडावर म्हणालो तसं. तो म्हणाला, "अरे, माझ्यासाठी ती दोन वर्षं अर्धपोटी राहिली. मी तिला शब्द दिला आहे, तुझ्या घरात तुझा नियम, मी मोडणार नाही."

यमुताईंचा नियम असा: त्या घरात ब्राह्मणाखेरीज कोणाच्या हातचं पाणी चालायचं नाही, पाणी लागलेला पदार्थ चालायचा नाही. भाजलेलं कोरडं मात्र चालायचं. रेतीत भाजलेल्या फुटाण्यांना विटाळ नाही. त्यामुळे रंभाबाई वर्षानुवर्षं टोपली घेऊन त्यांच्या ओट्याशी जात होती. ओट्यावर टोपली ठेवायची, दोन पावलं मागं सरायचं, मग यमुताई उचलायच्या. दोघींच्या गप्पा मात्र अंतर ठेवून का होईना, लांबलचक चालत.

डॉक्टर म्हणाले, अंगावर चरबी चढली पाहिजे, नाहीतर हा टिकणार नाही. दूध घेत नसेल तर अंडी द्या. अंड्याचं नाव काढताच यमुताई देवघरात जाऊन बसल्या. तिथून उठल्या त्या रंभाबाईची हाक ऐकून.

"पोराले दूध नाई, तूप नाई, मंग हाडावर काय चढंल जी? वारं?" रंभाबाई म्हणाली.

"तुझ्याकडे काही उपाय आहे का गं?"

"लोनी हाय. फल्लीचं."

"लोणी? अगं, त्याची शपथ आहे!"

"गायीचं नाई, म्हशीचं नाई. दाने, पाटा अन् माहे हात. बस."

यमुताई ओट्याच्या कडेला आल्या. मग विचारलं, "पाणी?"

"थेंब नाई जी. पानी लागलं तं ते मरते. मीच लागू देत नाई."

दोघींचा नियम एकच निघाला, कारणं वेगळी. एकीला पाण्यानं पदार्थ बिघडेल ही भीती, दुसरीला पाण्यानं घर बाटेल ही. त्यामुळे जमलं. दर आठवड्याला एक चिनी मातीची बरणी ओट्यावर येई. दर वेळी यमुताई विचारत, "पाणी नाही ना लागलं?" दर वेळी रंभाबाई म्हणे, "नाई जी." मग बरणी आत जाई.

आणि मुकुंद सुधारू लागला. पोळीवर, केळ्यावर, नुसतं चमच्यानं, कसंही तो ते खाई. आधी उठून बसला, मग ओसरीपर्यंत चालत आला. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचू लागला आणि वाचता वाचता माझ्याशी भांडू लागला, तेव्हा मला वाटलं, पोरगा वाचला. रंभाबाई आली की ओसरीवरून ओरडे, "रंभाबाई, स्वराज्य आलं की मी दूध पिणार नाही, तुमचंच लोणी खाणार!"

"मंग स्वराज्याले सांग, फल्ली सस्ती कर," ती म्हणे. हसत घरी जाई. रस्त्यात भेटेल त्याला सांगे, "पोराच्या गालावर मांस आलं. माह्या हातचं हाय थे मांस."

लढाईमुळे त्या वर्षी व्यापारी शेतातूनच शेंगा उचलत होते, तेलासाठी. कन्हान नदीकडच्या गावाहून रंभाबाईचा भाऊ देवराव बैलबंडीतून चोरून दोन पोती आणून टाकी, त्यावर हे चाललं होतं. चैत्रात दाणे संपत आले, शेवटच्या बरणीपुरते उरले. आणि नेमका तेव्हाच रंभाबाईला हिवताप आला. गोधडीत पडल्या पडल्या तिनं सुनेला सगळं सांगितलं. सून शोभा, रुपरावची बायको, त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, कामाला वाघीण. आच किती, सालं कशी उडवायची, नाक कसं काढायचं, कोरडा पाटा धुवायचा नाही, सगळं सांगितलं. वाटताना पाणी मारू नको, एवढं सांगायचं राहिलं. हे कोण सांगतं? तिला ते आता इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायची गोष्ट आहे हेच ती विसरली.

आणि शोभाच्याही अंगवळणी काहीतरी पडलेलं होतंच. आपल्या घरातली कुठलीही पोर पाट्यावर बसली की शेजारी पाण्याची वाटी असते. चटणी चिकटली की बोटं पाण्यात बुडतात आणि पाट्यावर शिंतोडे उडतात. डोकं विचारतच नाही, हात करून मोकळा होतो. गोळा वरवंट्याला धरून बसला, शोभाच्या हातानं शिंतोडा मारला. गोळा आणखी घट्ट झाला. तिनं आणखी पाणी घातलं. शेवटी मऊसूत, पांढरंशुभ्र, देखणं लोणी झालं.

"पाहा ना आत्याबाई," ती सासूपुढं बरणी धरून म्हणाली, "तुमच्यापेक्षा मऊ झालं!"

रंभाबाईनं बोट बुडवलं. तेलाची चकाकी नव्हती.

"पानी मारलं का वं?"

"थोडंसं. दगडाले चिकटून राहिलं होतं."

रंभाबाईनं बोट गोधडीला पुसलं. सुनेवर ओरडलीसुद्धा नाही, आणि ती न ओरडण्यातली बाई नव्हे. रुपराव गिरणीत निघाला होता. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? कोनाले समजते? आज खाल्लं तं आंबत बी नाई. देऊन ये."

तो बरोबर बोलत होता. देवरावची बंडी कधी येईल ठाऊक नव्हतं. मुकुंदाकडची बरणी आदल्या दिवशी संपली होती. रंभाबाईनं अंगावर गोधडी घेतली आणि तापात महालाची वाट धरली.

"रस्ताभर मी एकच शबद घोकला," ती मला म्हणाली. "नाई जी, नाई जी, नाई जी. पोरगी परीक्षेले जाते ना, तशी."

ओट्यावर बरणी ठेवली. दोन पावलं मागं सरली. यमुताई बाहेर आल्या. म्हणाल्या, "अगं, किती तापली आहेस! कुणाबरोबर पाठवायची होतीस." मग नेहमीचा प्रश्न, अगदी सहज, पदर सावरता सावरता: "पाणी नाही ना लागलं?"

"लागलं जी," रंभाबाईच्या तोंडून निघालं.

यमुताईंचा पुढं आलेला हात तसाच राहिला.

"सुनेनं वाटलं. तिले ठाऊक नव्हतं. पानी सुद्ध हाय जी, विहिरीचं, मीच भरलं होतं..."

हे शेवटचं वाक्य तर तिनं बोलायलाच नको होतं. मीच भरलं होतं! तिला वाटलं, आपण धीर देतो आहोत.

"घेऊन जा," यमुताई म्हणाल्या.

ओसरीवरून मुकुंदाचा आवाज आला, "आई, ती बरणी इकडे दे."

"तू मला शब्द दिलास."

मुकुंद उठून उभा राहिला होता. खांबाला धरून. मग तो खाली बसला.

"दिला," तो म्हणाला. आणि रंभाबाईकडे पाहून, "घेऊन जा, रंभाबाई. इथं राहिली तर माझा हात जाईल."

ती बरणी घेऊन परत आली. घरातल्या सगळ्यांनी मिळून ते लोणी खाल्लं. तिनं खाल्लं नाही.

पुढं देवरावची बंडी आली. रंभाबाईनं तेवढ्यासाठी नवा पाटा घेतला, जुन्याला पाणी लागलं म्हणून. स्वतः वाटलं, स्वतः नेलं. यमुताई दारात उभ्या राहिल्या, पण खाली उतरल्या नाहीत.

"आता मला दर वेळी शंका येईल गं. आणि आधीच्या बरण्यांचं काय? त्यांतही कधी..."

"मले खोटं बोलाचं असतं तं मी त्या दिवशी 'लागलं' काहून म्हटलं असतं?"

यमुताईंनी दार लोटलं. रंभाबाई वळसा घालून बोळातल्या खिडकीपाशी गेली. मुकुंद आत खाटेवर होता. ओसरी पुन्हा सुटली होती.

"बाबू," ती गजांतून कुजबुजली, "माह्या भट्टीवर ये. बंडी पाठवतो. तिथं खाय, घरी सांगू नको. कोन पाहाते?"

तो हसला. "घरात नाही, बाहेरही नाही. तसा शब्द नव्हता, पण मी तसाच धरला आहे. तिला फसवलं असं मला वाटत राहील."

असा पोरगा! इंग्रजांच्या लाठीसमोर हललाच नाही, आणि वाटीभर विहिरीच्या पाण्यासमोरही हलला नाही. पहिल्याबद्दल मी त्याला डोक्यावर घेईन. दुसऱ्याबद्दल मला त्याच्याशी अजून भांडायचं आहे, आणि तो भांडायला उरला नाही.

मृग लागायच्या आधी मुकुंद गेला. प्रेतावर तिरंगा टाकला. घाटावर भाषणं झाली. दूधतूप सोडल्याचं तेज, शपथेचं तेज, त्यागाचं तेज, तासभर नुसतं तेज. फल्लीच्या लोण्याचं नाव एकानंही घेतलं नाही. मी घ्यायला उठलो तर माझा सदरा मागून ओढला गेला. रंभाबाई घाटाच्या वर, रस्त्याकडेला उभी होती. खाली उतरली नाही. आपल्याला कुठं उभं राहायचं असतं, हे तिला कोणी सांगावं लागत नाही.

इथपर्यंत ती सावरली होती. देवाघरचं बोलावणं, एवढं म्हणून ती भट्टी पेटवत होती. पण पंधरवड्यानं एका दुपारी यमुताई भट्टीवर आल्या. उन्हात चालत, महालापासून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईकं बाजूला झाली. यमुताईंनी फुटाणे मागितले नाहीत, काही मागितलं नाही. फक्त म्हणाल्या:

"तू त्या दिवशी एकदा खोटं का नाही बोललीस गं?"

आणि गेल्या.

मला त्या बाईची दया येत नाही असं नाही. पोटचा पोर गेल्यावर माणूस दोष ठेवायला जागा शोधतं. पण जागा पाहा कुठं सापडली! नियम त्यांचा, प्रश्न त्यांचा, नकार त्यांचा, आणि दोष खरं बोलणारीचा. खरं सांगितलं तर दार बंद, आणि आता खोटं का सांगितलं नाहीस म्हणून विचारायला भट्टीपर्यंत यायचं. मी तिथं असतो तर काय बोललो असतो कोण जाणे. बरं झालं नव्हतो.

त्या दिवसापासून रंभाबाईनं फल्लीचं लोणी केलं नाही. नवा पाटा शोभाला देऊन टाकला, त्यावर आता मिरच्या वाटतात. गिऱ्हाइकांना टोमणे मारते, पण मध्येच रेतीत झारा फिरवायचा थांबते आणि दाणे करपतात. पूर्वी तिचा एक दाणा करपत नसे.

मी तिला हजारदा सांगितलं, "चूक तुझी नाही."

"मंग कोनाची?"

मग मी बोलू लागतो. रूढी, सोवळं, भटजी, सगळं. ती ऐकून घेते आणि म्हणते, "हे तू सभेत बोल भाऊ. माह्या भट्टीसमोर नको. फुटाने थंडे होतेत."

डॉक्टरांना मी तिच्यासमोर आणलं. ते म्हणाले, फुप्फुसं आधीच गेली होती, लोण्यानं फार तर सहा महिने मिळाले असते. ती म्हणाली, "सहा महिने का कमी असते जी? थो ओसरीवरून बोलला असता ना सहा महिने." डॉक्टर टोपी उचलून निघून गेले.

परवा पुन्हा म्हणाली, "एक शबद होता भाऊ. 'नाई'. रस्ताभर पाठ केला होता. आयुष्यात हजार वेळा खोटं बोलली मी, फुटाने कालचे असले तरी आजचे म्हटले. अन् त्याच वेळी जीभ खरी काहून झाली?"

माझं ती ऐकत नाही. मी तिच्यासारखाच, भट्टीजवळचा माणूस; माझ्याही हातचं पाणी त्या घरात चालत नाही. माझ्या 'चूक नाही'ला तिच्या लेखी किंमत नाही. तिला हे ज्या दारातून ऐकायचं आहे, त्या दारातले तुम्ही आहात. स्वराज्य येणार म्हणून बर्डीवर रोज मिरवणुका निघतात, तुम्ही त्यांत असता, मी पाहतो. तेव्हा एक दिवस मिरवणूक सोडून सक्करदऱ्याकडे वळा. निंबाखालची भट्टी कोणीही दाखवील. आधी तिच्याकडे गडवाभर पाणी मागा आणि चारचौघांत, तिच्या डोळ्यांसमोर, शेवटपर्यंत प्या. मग तिला सांगा की ती खरं बोलली तेच बरोबर होतं. पाणी पिणं होणार नसेल तर मात्र तिकडे फिरकू नका, तिला नुसत्या शब्दांची आता भीती वाटते.